रिसायकल कागद घ्यायचाय? मग आधी कोकणातली हवा लक्षात घ्या

कुडाळच्या बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानात मी पहिल्यांदा "रिसायकल केलेल्या कागदाची वही आहे का?" असं विचारलं, तेव्हा दुकानदारानं न बघताच एक तपकिरी कव्हराची वही पुढे सरकवली. "हीच ती. रंगावरना कळता मरे!" घरी येऊन उघडली तर कव्हर तेवढं तपकिरी, आतली पानं नेहमीसारखी पांढरीशुभ्र, आणि कागद कशापासून केलाय याबद्दल कुठे एक अक्षर छापलेलं नाही.

दुकानदार काही खोटारडा नव्हता. बहुतेकांचा समज तसाच असतो. तपकिरी रंगाचा अर्थ एवढाच की लगदा ब्लीच केलेला नाही. थेट झाडाच्या लाकडापासून केलेला नवाकोरा क्राफ्ट कागदही (खोक्या-पिशव्यांना वापरतात तो दणकट कागद) तपकिरीच असतो, आणि काही गिरण्या रद्दीच्या फिक्या कागदाला रंग घालून 'गोल्डन' करतात. उलट छापील रद्दीतली शाई काढून केलेला कागद चांगला पांढरा होऊ शकतो. रद्दी पाण्यात घुसळतात, त्यात हवेचे बुडबुडे सोडतात, शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसासारखे वर येतात आणि तो फेस काढून टाकतात. म्हणून रंग बघून खरेदी करायची सवय आधी सोडा.

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत आणि घराला लागून पाहुण्यांसाठी तीन खोल्या. त्यामुळे खोकी, झेरॉक्सचा कागद, टिश्यू, पिशव्या असं सगळंच आमच्याकडे लागतं. गेल्या काही वर्षांत चुकतमाकत जे कळलं ते इथे नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

पायरी १ : आधी घरातला कागद मोजा

एक महिना वहीत टिपून ठेवा की कोणता कागद किती आला. आमच्याकडे मला वाटलं होतं सगळा भर झेरॉक्सच्या कागदावर असेल. प्रत्यक्षात पाचशे पानांचं एक रीम आम्हाला चार-पाच महिने पुरतं, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो कागद. आणि एप्रिल-मेमध्ये जी खोकी जातात त्यांचं एकेकाचं वजन पाव किलोच्या आसपास. चारशे खोकी म्हणजे शंभर किलो झाले. तेव्हा लक्ष कुठे द्यायचं ते उघड आहे. तुमची शाळा असेल तर वह्या निघतील, दुकान असेल तर पिशव्या. ज्याचं वजन जास्त त्यापासून सुरुवात करा, टूथपिकच्या डबीपासून नको.

पायरी २ : चार शब्द नीट समजून घ्या

'रिसायकल्ड' म्हणजे जुन्या कागदापासून केलेला. 'रिसायक्लेबल' म्हणजे वापरून झाल्यावर रद्दीत देता येईल असा. कोरा कागद कुठलाही असो, तो रिसायक्लेबल असतोच, त्यामुळे त्या शब्दाला कौतुकाचं काही कारण नाही. पाकिटावर तीन बाणांचं चिन्ह असतं. १९७० साली गॅरी अँडरसन नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्यानं एका स्पर्धेसाठी ते काढलं होतं. त्या चिन्हावर कोणाची मालकी नाही, त्यामुळे कोणीही छापतो. बाणांच्या मध्ये किंवा शेजारी टक्केवारी लिहिली असेल तरच त्यातून रद्दीचं प्रमाण कळतं. नुसते बाण असतील तर ते 'रिसायक्लेबल'चे समजा.

रद्दीही दोन प्रकारची. एक, छापखान्यात आणि खोक्यांच्या कारखान्यात कापाकापी करताना उरलेली कतरण. ती कोणी वापरलेली नसते, आणि ती पूर्वीपासून गिरण्यांकडे परत जातेच. दुसरी, तुमच्याआमच्या घरातून, दुकानातून, शाळेतून वापरून झालेली. ही दुसरी गोळा करायला, निवडायला कष्ट पडतात आणि ती न उचलली तर गावाच्या कचऱ्यात जाते. म्हणून '१०० टक्के रिसायकल्ड' वाचल्यावर मी पुढचा प्रश्न विचारतो: यातली वापरून झालेली रद्दी किती? गिरणीच्या आतच फाटलेला, वाया गेलेला कागद त्याच यंत्रात पुन्हा घालतात. तो हिशेबात धरायचाच नसतो.

आणि चौथं, उसाच्या चिपाडाचा कागद. 'झाड न तोडता' हे त्याच्याबाबतीत खरं, पण तो रिसायकल केलेला नव्हे. शेतातल्या उरलेल्या मालाचा नवा कागद आहे तो. वाईट मुळीच नाही, फक्त दोन्ही एकाच पिशवीत घालू नका.

एक गोष्ट मनाशी धरून ठेवा, पुढे कामाला येईल. कागदाचा धागा साधारण पाच ते सात वेळा लगद्यातून जाऊ शकतो. दर खेपेला तो आखूड होतो आणि कागद कमजोर होतो. म्हणूनच गिरण्यांना मधूनमधून नवा धागा घालावाच लागतो. शंभर टक्क्यांचा हट्ट सगळीकडे शहाणपणाचा नाही.

पायरी ३ : छाप वाचा, पण छापावर विसंबू नका

एफएससी ही जंगलं नीट राखली जातात का ते तपासून मालाला छाप देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या झाडाच्या चिन्हाखाली तीनपैकी एक शब्द असतो. 'रिसायकल्ड' असेल तर सगळा माल परत मिळवलेल्या कागदाचा. '१०० टक्के' असेल तर सगळा नवा, पण नीट राखलेल्या जंगलातला. खूप जण इथेच गडबडतात, कारण १०० टक्के म्हटलं की त्यांना रद्दीच आठवते. 'मिक्स' म्हणजे मिसळ. त्यात रद्दी किती ते निव्वळ त्या शब्दावरून कळत नाही. चिन्हाखाली 'सी' अक्षर आणि सहा आकडे असतात. तो क्रमांक एफएससीच्या संकेतस्थळावर घालून परवाना कोणाचा ते बघता येतं. मी एकदोनदा बघितलं आहे, दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्या सरकारचं 'इकोमार्क' आहे, मातीच्या मडक्याचं चिन्ह. योजना १९९१ ची, तिच्या जागी २०२४ मध्ये नवे नियम आले. आमच्या बाजारात मला हे मडकं अजून क्वचितच दिसतं.

बाकी 'इको', 'ग्रीन', 'निसर्गस्नेही', हिरवं पान, पृथ्वीचा गोळा हे सगळं सजावट समजा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. नुसतं 'पर्यावरणपूरक' म्हणून भागत नाही, त्याला आधार द्यावा लागतो. दुकानात याचा उपयोग एवढाच की "आधार काय?" असं विचारताना आपल्याला संकोच वाटत नाही.

पायरी ४ : विक्रेत्याला काय विचारायचं

किरकोळ दुकानात फार उत्तरं मिळत नाहीत, ठोक विक्रेत्याकडे मिळतात. तीन-चार घरं किंवा एखादी शाळा आणि दोन दुकानं मिळून मागणी दिली की तो गिरणीचा कागद दाखवायला तयार होतो. विचारा: रद्दी किती टक्के? कतरण की वापरलेली? जीएसएम किती? भाव जीएसटी आणि गाडीभाडं धरून की सोडून? शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, कोल्हापूर किंवा मुंबईचा स्वस्त भाव घाट उतरेपर्यंत स्वस्त राहत नाही.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-४ ची सोळा पानं मिळून एक चौरस मीटर होतो. त्यामुळे ७५ जीएसएमच्या पाचशे पानांचं वजन २ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे, ७० जीएसएमचं २ किलो १९० च्या. वाण्याच्या काट्यावर रीम ठेवून बघा. वेष्टनाचं थोडं वजन जास्त येईल, कमी आलं तर विचारा.

फाडून बघण्याची जुनी युक्ती आहे. कडेला लांब केसाळ धागे दिसले तर नवा धागा बराच, कडा आखूड आणि पिठूळ असेल तर रद्दी जास्त. उजेडाकडे धरून बारीक ठिपके दिसले तरी तोच इशारा. पण हा इशाराच, पुरावा नव्हे.

पायरी ५ : काम बघून कागद निवडा

*खोकी.* इथे थोडा थांबतो, कारण कोकणातल्या माणसाचा सगळ्यात जास्त कागद इथेच जातो आणि सगळ्यात महाग चूकही इथेच होते.

चांगली बातमी अशी की भारतात खोक्यांचा क्राफ्ट कागद मोठ्या प्रमाणात रद्दीपासूनच होतो. वापी, मोरबी ही त्या धंद्याची मोठी ठिकाणं. म्हणजे खोक्यात 'रिसायकल' शोधायला लागत नाही, ते असतंच. शोधायला लागते ती ताकद. त्यासाठी शब्द आहे बीएफ, कागद किती दाबानं फुटतो त्याचं माप. १६, १८, २०, २२ असे आकडे सांगतात. १२० जीएसएमचा १८ बीएफ कागद साधारण २.१६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला फुटतो (१८ गुणिले १२०, भागिले १०००). आकडा चढला की भाव चढतो.

तीन प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि मध्ये एक नागमोडी. पाच प्लाय म्हणजे नागमोडी दोन. आता हिशेब करा. अडीचशे ग्रॅमचं फळ धरलं तर एक डझनाचं खोकं तीन किलोचं. गाडीत आठ थर लावले तर तळाच्या खोक्यावर एकवीस किलो. दोन डझनाचं असेल तर बेचाळीस. वर आंबा जिवंत फळ, तो श्वास घेतो, आतून ओल सोडतो. आणि हवा आपली, मे महिन्याची. दमट हवेत खोक्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. कोरड्या गोदामात बसून केलेली निवड इथे म्हणूनच फसते.

माझी फसलेली गोष्ट सांगतो. एका वर्षी दोनशे खोकी बऱ्याच कमी भावात मिळाली. बीएफ विचारला नाही. आणून पडवीत जमिनीवर रचली, जांभ्याच्या भिंतीला टेकवून. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला. खोकी भिजली नाहीत, नुसती ओलसर झाली. भरताना कळलं नाही, पण मुंबईला उतरवताना खालच्या थरातली तळाशी उघडली. आंबे गेले, गिऱ्हाईकासमोर मान खाली गेली ती वेगळीच. तेव्हा मी सगळा दोष 'रद्दीच्या कागदाला' दिला होता. पुढच्या वर्षी त्याच तऱ्हेच्या रद्दीच्या कागदाची, पण जास्त बीएफची खोकी घेतली, फळीवर ठेवली, आणि एकही उघडलं नाही.

तेव्हा खोकी घेताना: एक डझनाला चांगल्या बीएफचं तीन प्लाय चालतं, दोन डझनाला आणि लांबच्या प्रवासाला पाच प्लायच घ्या. नागमोडी नळ्या उभ्या आहेत ना ते बघा, आडव्या असल्या तर खोकं वजनाखाली बसतं. हवेची भोकं कोपऱ्याजवळ नकोत. बाहेरचा एक थर नव्या धाग्याचा असेल तर मी खुशाल घेतो. आतले थर रद्दीचे आणि वरचा दणकट, ही मला कोकणासाठी योग्य तडजोड वाटते. आत भरायला थर्माकोलऐवजी भाताचा पेंढा आहेच, नाहीतर न छापलेल्या कागदाच्या पट्ट्या.

झाडावरच्या फळांना घालायच्या कागदी पिशव्यांचंही असंच. फळमाशी आणि डाग टाळायला दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ पिशव्या घालायची शिफारस करतं. एका हंगामापुरता कागद, त्याला नवं लाकूड कशाला? फक्त शिवण किंवा गोंद ओलीत टिकतो का ते दहा पिशव्या बादलीत बुडवून आधी बघा.

*वह्या आणि झेरॉक्स.* रिसायकल कागदासाठी ही सगळ्यात सोपी जागा. शाईच्या पेनानं लिहून बघा, पसरली तर बॉलपेनची वही समजा. पण त्याआधी मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढा. जून उजाडला की आमच्या वाडीत हा कार्यक्रम असतो, तालुक्याच्या गावी बाइंडर दस्त्याच्या हिशेबानं शिवून देतो. कव्हराला करडा पुठ्ठा मागा, तो रद्दीचाच असतो. गिरणीतून फिरून येण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

*मिठाईची, खाज्याची, काजूची खोकी.* आतली बाजू करडी असेल तर तो 'ग्रे बॅक' पुठ्ठा, म्हणजे रद्दीचा. पाकिटात बंद केलेल्या काजूला, आंबापोळीला चालतो. उघड्या पदार्थाला मात्र आत बटर पेपर हवाच.

*खाण्याला लागणारा कागद.* इथे माझं मत स्पष्ट आहे: रिसायकल नको. जुन्या छपाईच्या शाईतली तेलं आणि रसायनं लगद्यात थोडीफार उरतात, आणि गरम, तेलकट वडा ती ओढून घेतो. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून देण्याला तर अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंदीच आहे, १ जुलै २०१९ पासून ती लागू आहे. तरी स्टँडवर वडापाव अजून पेपरातच मिळतो, आणि आपण तो खातो. कागदी कपाची कथा वेगळी: आतून प्लॅस्टिकचा पातळ थर, त्यामुळे धड रद्दीतही जात नाही. आमच्याकडे पाहुण्यांना भजी केळीच्या पानावर देतो, मासळी सागाच्या पानात बांधून आणतो. पानाला कुठल्याही छापाची गरज नाही.

*टिश्यू.* जरा करडा, जरा खरखरीत घेतला की झालं. मुंबईचे पाहुणे पहिल्या दिवशी बघतात, दुसऱ्या दिवशी विसरतात.

*पिशव्या.* बचत गटाच्या बायका पेपरच्या पिशव्या करतात, त्या खाण्याशिवायच्या कोरड्या मालाला उत्तम. मैद्याच्या खळीनं चिकटवलेल्या असतील तर झुरळं येतात, म्हणून एका वेळी महिनाभराच्याच घ्या.

*पत्रिका, भेटकार्डं.* पुण्याच्या शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथला कागद कापडाच्या चिंध्यांपासून होतो, रद्दीपासून नाही. सुती धागा लांब असतो, म्हणून तो कागद चिवट आणि टिकाऊ. महाग आहे, पण पन्नास पत्रिकांपुरता परवडतो. मे महिन्याच्या लग्नाला फेब्रुवारीत घेऊन ठेवा. पावसाळ्यात घेऊन ठेवलात तर बुरशीचे पिवळे डाग पडतात.

पायरी ६ : पावसाळ्यात सांभाळा

जून ते सप्टेंबर इथला कागद हवेतली ओल पितो. रिसायकल कागदाचा धागा आखूड, त्यामुळे तो लवकर मऊ पडतो, प्रिंटरमध्ये वाकडा जातो आणि अडकतो. लोक म्हणतात "रिसायकल कागद मशीन खराब करतो." बहुतेक वेळा दोष उघड्या ठेवलेल्या रीमचा असतो. वेष्टन फोडलं की लागतील तेवढी वीस-पंचवीस पानं काढा, बाकी रीम जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. रात्री मशीनमध्ये कागद राहू देऊ नका. पावसाळ्यात एका वेळी एकच रीम आणा, साठा दिवाळीनंतर करा.

खोकी, वह्या, पुठ्ठा जमिनीवर ठेवायचे नाहीत. चार चिरे, त्यावर फळी, त्यावर गठ्ठा. जांभ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब, कारण जांभा पाणी पितो आणि परत देतो. माळ्यावरही नको, एक कौल सरकलं तर सगळं गेलं. वाळवी फळीखालून चढते, आठवड्यातून एकदा खाली वाकून बघा. कसर लागू नये म्हणून वह्यांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात, आमच्याकडे तो चालतो.

पायरी ७ : रद्दी परत द्या, पण निवडून

तुम्ही घेतलेला कागद कुठल्या तरी घरातल्या कोरड्या रद्दीतून आलेला आहे, तेव्हा आपल्या रद्दीचंही बघायला हवं. वह्या-कागद एकीकडे, वर्तमानपत्रं एकीकडे, खोकी चपटी करून तिसरीकडे. वेगळं दिलं तर भावही वेगळा मिळतो, सरमिसळ दिली तर सगळ्यात खालचा. यात तेल लागलेला कागद, वापरलेले टिश्यू, कागदी कप आणि दुकानातल्या मशीनची गुळगुळीत पावती घालू नका. ती पावती उष्णतेनं छापली जाते, तिच्यावर रसायनाचा लेप असतो. खोक्यावरची चिकटपट्टी ओढून काढा, लगद्यात तीच जास्त त्रास देते.

आमचा भंगारवाला टेम्पो घेऊन महिन्यातून एकदा येतो. मे अखेरीस त्याला फोन करून आठवण द्यावी लागते, कारण मृग लागला की फेऱ्या अनियमित होतात, आणि ओली रद्दी तो एक तर वजनात कापून घेतो, नाहीतर घेतच नाही.